प्राजू, एका ग्लायसिनची गोष्ट

प्राजू बाळा,

काल रात्री फोनवर रडलीस ते डोक्यातनं जाईना. प्रोटीनचं स्ट्रक्चर, डीएनए, कोडॉन सगळं पाठ आहे पण एकाचा दुसऱ्याशी मेळच लागत नाही म्हणालीस. सकाळी तुझं बारावीचं बायोलॉजी काढून बसलो आणि वाटलं, अगं हे तर आपल्या सुभाषनगरात, चामड्याच्या कामात, रोज हातात असतंय की.

चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन, प्रोटीनच ते. कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवतात, त्यातलं टॅनिन कोलॅजेनला धरून बसतं म्हणून ते कुजत नाही. या कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरीसारखा पीळ घालून बसतात, हे 1954-55 साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडलं, आपल्या देशातलं काम आहे हे, मला लई अभिमान वाटतो.

आता नीट बघ. प्रत्येक साखळी अमिनो अॅसिडच्या मण्यांची, त्यातलं दर तिसरं ग्लायसिनच असतं, कारण पिळाच्या मधोमध जागाच नसते, आणि वीस अमिनो अॅसिडांत सगळ्यात लहान तेच, त्याची साइड चेन, म्हणजे बाजूला लोंबणारा भाग, नुसता एक हायड्रोजन. तिथं ग्लायसिनच बसव हे कोण सांगतं? डीएनए. जीजीसी असं लिहिलेलं असतं, ते आरएनए नावाच्या नकलेवर उतरतं, आणि प्रोटीन जोडणारा रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचत जातो, ती तीन अक्षरं म्हणजेच तुझा कोडॉन. जीजीच्या पुढं कुठलंही अक्षर येऊ दे, ग्लायसिनच. पण पहिल्या जीच्या जागी ए आला, एजीसी झालं, की सेरीन येतं, ते थोडंसंच मोठं, तरी आत मावत नाही, पीळ तिथं बिघडतो. असल्या बदलांनी लेकरांची हाडं जराशा धक्क्यानं मोडतात गं. एका अक्षरानं!

आणि आई पायाचं सूप करते ते गार झाल्यावर जेलीसारखं थिजतं ना, तिथं उकळून पीळ सुटलेला असतो, साखळीतला क्रम बराचसा तसाच. डिनॅच्युरेशन म्हणतात ते हेच, आता वेगळं पाठ करू नकोस.

भडंगाच्या डब्यात चामड्याच्या तीन वाद्या ठेवल्यात. तिन्हींचा मिळून पीळ घाल, मग सोडून एकीला मधेच गाठ मार आणि परत घाल. गाठीपाशी बोट फिरवून बघ, आणि रविवारी फोन कर.

तुझे पप्पा