फोर्ट मायर्स बीच : किनारा खुला झाला, घरांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्लोरिडातील चक्रीवादळांच्या बातम्या आता मराठी वृत्तपत्रांतही नियमितपणे येतात. अनेक वाचकांची मुले-नातवंडे या राज्यात असल्यामुळे त्या काळजीने वाचल्याही जातात. वादळ कोठे धडकले, किती माणसे दगावली आणि किती डॉलरचे नुकसान झाले, एवढे सांगून बातमी संपते. पुढे वर्ष-दोन वर्षांनी रंगीत छत्र्यांनी भरलेल्या किनाऱ्याचे एखादे छायाचित्र छापून येते आणि त्याखाली शहर पूर्वपदावर आल्याचे लिहिलेले असते. मी गेली सतरा वर्षे फोर्ट मायर्स शहरात राहतो आणि घरांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके तयार करण्याचे काम करतो. आमच्या शहराजवळच, पूल ओलांडला की लागणाऱ्या फोर्ट मायर्स बीच या पर्यटनाच्या गावाची उभारणी मी अगदी जवळून पाहिली आहे. ‘पूर्वपदावर’ हा शब्द त्या गावाला लावताना फार मोठी गोष्ट नजरेआड होते, असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

हे गाव एस्टेरो नावाच्या चिंचोळ्या बेटावर वसले आहे. बेटाची लांबी सुमारे सात मैल असून एका अंगाला मेक्सिकोचे आखात आणि दुसऱ्या अंगाला तिवरांची उथळ खाडी आहे. 2020 च्या जनगणनेत येथील कायमची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या थोडी वर होती. हिवाळ्यात मात्र थंडीला कंटाळून उत्तरेकडून येणाऱ्यांमुळे ती कितीतरी पटींनी वाढत असे. बड्या हॉटेलांच्या गर्दीत हरवलेला हा किनारा नव्हता. 1940 ते 1960 च्या दशकांत बांधलेली एकमजली, जमिनीलगतची लहान घरे, कुटुंबांनी चालवलेली छोटी लॉज, मासेमारीचा धक्का आणि त्याच्या तोंडाशी पायी फिरणाऱ्यांचा टाइम्स स्क्वेअर नावाचा चौक, असे त्याचे रूप होते. शिक्षक, पोस्टमन, निवृत्त कामगार अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांनाही येथे कधीकाळी समुद्राकाठी घर घेता आले होते.

28 सप्टेंबर 2022 रोजी दुपारी ‘इयन’ हे चक्रीवादळ ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाचे वारे घेऊन कायो कोस्टा बेटावर धडकले. ते ठिकाण फोर्ट मायर्स बीचच्या वायव्येला आहे, म्हणजे वादळाचा डोळा गावावरून गेलाच नाही. तरीही गावाचा घात झाला तो नेमका याचमुळे. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे डोळ्याच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला असलेल्या किनाऱ्यावर ते समुद्राचे पाणी जमिनीकडे रेटतात. त्यात येथील समुद्रतळ किनाऱ्यापासून दूरपर्यंत उथळ असल्याने रेटलेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते आणि ते वर चढते. राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या अहवालानुसार फोर्ट मायर्स बीचवर पाणी जमिनीपासून 10 ते 15 फूट चढले. काही दिवस आधी वादळाचा रोख आमच्या उत्तरेकडील टॅम्पा शहराकडे असल्याचे अंदाज होते आणि आमच्या ली काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, स्थलांतराचा आदेश 27 तारखेच्या सकाळी, म्हणजे जेमतेम एक दिवस आधी निघाला. राज्यात दीडशेच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतील सर्वाधिक आमच्या काउंटीतील होती. सुमारे 113 अब्ज डॉलरच्या हानीमुळे फ्लोरिडाच्या इतिहासातील हे सर्वांत खर्चिक वादळ ठरले.

पूल खुला झाल्यावर कामानिमित्त मी बेटावर गेलो, तेव्हा मुख्य रस्त्यावर डांबर दिसत नव्हते. वाळूतून वाट काढलेली होती. धक्क्याचे नुसते खांब पाण्यात उभे होते. पलीकडच्या सॅन कार्लोस बेटावर कोळंबी पकडणाऱ्या मोठ्या बोटी एकमेकींवर चढून जमिनीवर पडल्या होत्या आणि त्या क्रेनने उचलून पुन्हा पाण्यात सोडण्यास पुढे कित्येक महिने लागले. माझे काम घराच्या आतले होते. एका वृद्ध बाईंच्या घरात भिंतीवरची पाण्याची रेषा मोजण्यासाठी मी फीत काढली, पण रेषा कोठेच सापडेना. मग वर पाहिले, तर छताच्या पंख्याची पाती पाण्याने फुगून केळीच्या सुकल्या पानांसारखी खाली लोंबत होती. पाणी पंख्याच्याही वर गेले होते, मोजायला भिंत उरलीच नव्हती. ओट्यावरच्या कपाटाचे दार मोठ्या कष्टाने उघडले, तेव्हा आतले चहाचे कप एका ओळीत जागच्या जागी होते आणि प्रत्येकात काठोकाठ खारे पाणी होते.

या घराचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी एक नियम समजावून सांगणे भाग आहे, कारण गावाची सारी उभारणी त्याच्याभोवती फिरली. येथे त्याला ‘पन्नास टक्क्यांचा नियम’ म्हणतात. केंद्र सरकारने 1968 मध्ये राष्ट्रीय पूर विमा योजना सुरू केली आणि आता फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची संस्था ती चालवते. या योजनेत सामील झालेल्या प्रत्येक गावाला एक अट पाळावी लागते. पूरक्षेत्रातील इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या हानीपूर्वीच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा त्याहून अधिक होत असेल, तर ती जुन्या रूपात दुरुस्त करता येत नाही. नव्या घरांना लागू असलेले सर्व नियम तिला लागू होतात. लाटांच्या पट्ट्यात याचा अर्थ असा की घर खोल रोवलेल्या खांबांवर, ठरवून दिलेल्या पूरपातळीच्या वर न्यायचे, खालच्या जागेत गाडी आणि किरकोळ सामान एवढेच ठेवायचे आणि तेथील भिंती लाटेच्या माऱ्याने सहज निखळून पडतील अशा बांधायच्या. शिवाय बाजारभाव धरताना जमिनीची किंमत जमेस धरायची नाही, फक्त इमारतीची धरायची. समुद्राकाठच्या लहान जुन्या घराची जमीन सोन्याच्या मोलाची असते, पण इमारतीला फारसे मोल नसते. त्यामुळे निम्म्याचा उंबरठा ओलांडायला आतल्या भिंती, वीज आणि स्वयंपाकघर एवढ्याचा खर्चही पुरतो.

हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. इयनमध्ये खांबांवरच्या नव्या घरांच्या खालून पाणी निघून गेले आणि जमिनीलगतची घरे पायापासून उखडून रस्त्यापलीकडे जाऊन पडली, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्या जागी पंधरा फूट पाणी आले तेथे पुन्हा तसेच घर बांधू देणे म्हणजे माणसांना जाणूनबुजून संकटात लोटणे होय. माझी तक्रार वेगळी आहे. नियम जे काम करायला भाग पाडतो त्याचा पैसा कोठून यायचा, याचे उत्तर व्यवस्थेने कधी नीट दिलेले नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही, त्यासाठी पूर विमा वेगळा घ्यावा लागतो. राष्ट्रीय योजनेत घराच्या इमारतीसाठी मिळणारी कमाल रक्कम अडीच लाख डॉलर आहे आणि ती 1994 पासून वाढलेली नाही. नवे नियम पाळण्यासाठी म्हणून जी जादा रक्कम मिळते तिची कमाल मर्यादा 30,000 डॉलर आहे. माझ्या व्यवसायात मी ठामपणे सांगू शकतो की काँक्रीटच्या लादीवर बसलेले घर उचलून खांबांवर ठेवायचे, तर एवढ्या रकमेत कामाचा एक हिस्साच उरकतो. शिवाय कर्ज फिटले की विम्याची सक्ती राहत नाही, म्हणून ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरून घर मोकळे केले त्या वयस्कर मालकांपैकी अनेकांनी पूर विमा सोडून दिला होता.

त्या बाईंच्या घराचा अंदाज मी केला आणि तो निम्म्याच्या वर गेला, फार वर नव्हे, थोडासाच. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “हा आकडा तुम्हाला जरा कमी धरता आला असता का?” मला तो धरता आला नसता. खोटा आकडा लिहिणे हा गुन्हा तर होताच, शिवाय मी त्यांना पुढच्या वादळाच्या तोंडी दिले असते. तरीही हा प्रश्न मी विसरलेलो नाही, कारण अशी विचारणा करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या आणि सगळ्यांना माझ्यासारखाच नकार मिळाला असेही नाही. परवान्याविना झालेली कामे आणि पूरक्षेत्रात उभी राहिलेली तात्पुरती बांधकामे फेमाच्या तपासणीत निघाली. मार्च 2024 मध्ये फेमाने ली काउंटीतील अनेक गावांची पूर विम्यावरील 25 टक्क्यांची सवलत काढून घेण्याचे जाहीर केले. पुढे बाकीच्या गावांची सवलत टिकली; फोर्ट मायर्स बीचची मात्र गेली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फेमाने या गावाला विमा योजनेत प्रोबेशनवर, म्हणजे सुधारणेच्या अटीवर देखरेखीखाली, ठेवले. ज्यांनी प्रामाणिकपणे खर्च करून घर उंच केले, त्यांचाही हप्ता त्यामुळे चढला. नियम पाळायला पैसा द्यायचा नाही आणि तो मोडला गेला की साऱ्या गावाला दंड करायचा, हा न्याय मला पटत नाही.

पैसा अजिबात आलाच नाही, असे मात्र नाही. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने ली काउंटीला 1.1 अब्ज डॉलर मंजूर केले. घरे उंच करण्यास मदत देणारी ‘एलिव्हेट फ्लोरिडा’ ही राज्याची योजना फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झाली आणि तिच्यात खर्चाचा मोठा वाटा केंद्राच्या निधीतून मिळतो. योजना चांगली आहे. पण फेब्रुवारी 2025 पर्यंत इयनला दोन वर्षे आणि चार महिने होऊन गेले होते, आणि दरम्यान 2024 च्या सप्टेंबरमध्ये हेलीन आणि ऑक्टोबरमध्ये मिल्टन या वादळांचे पाणी पुन्हा गावात शिरून गेले होते. भाड्याच्या खोलीत राहून जमिनीचा कर आणि मोडक्या घराचा खर्च भागवणाऱ्या माणसाला इतका काळ थांबता येत नाही. जमिनीला गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी मिळते. भांडवल असणाऱ्याला खांब, परवाने आणि विलंब या तिन्ही गोष्टी परवडतात. वादळाच्या वेळी बांधकाम चालू असलेले 254 खोल्यांचे मार्गारिटाव्हिल रिसॉर्ट डिसेंबर 2023 मध्ये, इयननंतर सव्वा वर्षात सुरू झाले. त्याने अनेकांना रोजगार दिला आणि सुनसान पडलेल्या गावात पहिला उजेड आणला, याबद्दल मला आनंदच आहे. परंतु बातम्यांतील छायाचित्रे त्याच्या आसपासची असतात आणि त्यांवरून गावाची प्रकृती ठरवली जाते. तेथून दोन गल्ल्या आत गेले तर रिकाम्या प्लॉटांमागून रिकामे प्लॉट लागतात. गवतात जुन्या घराची काँक्रीटची पायरी तेवढी दिसते आणि पुढे काहीच नसते.

वाळूबद्दलही थोडे लिहितो. किनाऱ्यावर नवी वाळू आणून टाकणे, तिच्या टेकड्या करून त्यांवर मुळांनी वाळू धरून ठेवणारे ‘सी ओट्स’ हे गवत लावणे, ही कामे दिसायला साधी असली तरी उधाणाचा पहिला मार तीच घेतात. काही घरमालकांना टेकड्यांमुळे समुद्र दिसत नाही, म्हणून त्यांचा विरोध असतो. माझ्या मते येथे गावाने ठाम राहिले पाहिजे.

सरकारकडून माझी अपेक्षा साधी आहे. घर उंच करण्याचे अनुदान वादळानंतर अर्ज मागवून नव्हे, तर वादळाआधी, धोक्याच्या पट्ट्यातील कायम रहिवाशांना त्यांच्या मिळकतीनुसार दिले जावे. निम्म्याहून अधिक हानी ठरल्याचे पत्र आणि मदतीच्या पहिल्या हप्त्याचे पत्र एकाच वेळी मालकाच्या हाती पडावे. आणि 30,000 डॉलरची मर्यादा आजच्या बांधकामखर्चाशी जोडली जावी. आपल्या वृत्तपत्राकडून अपेक्षा त्याहून लहान आहे. एखादे किनाऱ्यावरचे गाव सावरल्याची बातमी छापताना हॉटेलच्या किती खोल्या उघडल्या याबरोबर, वादळाआधी तेथे राहणाऱ्यांपैकी किती जण आज त्याच पत्त्यावर राहतात, हेही विचारले जावे.

त्या बाईंची जागा गेल्या वर्षी विकली गेली. आता तेथे नवे घर उभे राहत आहे. परवा मी तेथून गेलो, तेव्हा खांब पूर्ण झाले होते आणि त्यांची उंची नियमाप्रमाणे बरोबर होती. बाई ओहायोत मुलीकडे राहतात.

आपला नम्र,
एक वाचक, फोर्ट मायर्स, फ्लोरिडा