गावानं तयार केलेलं पुस्तक छापायला हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचं हे आवाहन आहे.

प्राथमिक शाळेचे निर्णय गावात व्हावेत, हे आमचं नवं मागणं नाही. ७३व्या घटनादुरुस्तीनं प्राथमिक शिक्षण पंचायतींच्या विषयांत घातलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं ठरवलं, शाळा विकास आराखडा करायचं कामही तिला दिलं. पण बऱ्याच ठिकाणी हा आराखडा नुसता सह्यांचा कागद होतो. यंदा आम्ही तो पालकांसमोर वाचून त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतला. आयांनी रंगरंगोटीच्याही आधी एकच मागितलं: लहान वर्गांना समजेल असं पुस्तक.

आमची मुलं घरी डांगी बोलतात. पहिलीत अक्षरही नवं, शब्दही नवा. बालभारतीनं तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार काढलं, हे फार चांगलं झालं. पण नाशिक जिल्हा केवढा! निफाडची द्राक्षं, येवल्याची पैठणी आणि आमचं उतारावरचं नागली-वरईचं शेत एका पुस्तकात किती मावणार? म्हणून राब भाजण्यापासून (रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळण्यापासून) आवणी म्हणजे रोपांची लावणी, कापणी, मळणीपर्यंत सगळं आज्यांनी सांगितलं आणि शिक्षकांनी लिहून घेतलं. डाव्या पानावर डांगी, उजव्या पानावर मराठी. गणितं पायलीच्या मापाची. पाठ्यपुस्तक आहेच, हे त्याच्या जोडीला.

हस्तलिखित तयार आहे. चित्रं काढणारं, अक्षरजुळणी करून देणारं कुणी हवं आहे. २०० प्रतींच्या छपाईसाठी पैसेही हवेत. नाशिकच्या एखाद्या छापखान्यानं नुसता कागद दिला तरी मोठा भार हलका होईल.

देणगी समितीच्या बँक खात्यातच, धनादेशानं किंवा ऑनलाइन द्यावी. रोख घेत नाही. पावती मिळेल, हिशेब ग्रामसभेत वाचू आणि शाळेच्या फलकावर लावू.

दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना वेगळी विनंती. पावसाळा सरला की आमची कुटुंबं तुमच्या बागांवर येतात, लेकरंही सोबत असतात. त्यांना जवळच्या शाळेत बसवायला मदत करा. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे. आईबापांना शाळेत जायचा संकोच वाटतो. तुम्ही सोबत गेलात तर काम होतं.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी शाळेच्या वेळेत मुख्याध्यापकांना भेटावं.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती