गोळ्या कमी करायच्या आहेत, पण एकदम नव्हे

प्रिय बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललास त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले असते तर शब्दाने शब्द वाढला असता, म्हणून सविस्तर लिहिते. बाबांना या वयात मनाच्या आजारावर इतक्या गोळ्या कशाला हव्यात, त्या सगळ्या बंद करून टाक, असे तुझे म्हणणे. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा धोक्याचा आहे, आणि तो कृपा करून बाबांसमोर बोलू नकोस. मुलगा म्हणाला एवढ्यावर ते खरोखरच एका रात्रीत सगळ्या गोळ्या सोडतील.

वय वाढले की यकृत आणि मूत्रपिंड औषधाचा निचरा करायला जास्त वेळ घेतात. स्नायू घटतात, त्या मानाने चरबी वाढते, आणि झोपेच्या कित्येक गोळ्या चरबीत मुरून राहतात. डायझेपाम या अशाच एका गोळीची शरीरातली मात्रा निम्म्यावर यायला विशीतल्या माणसाला साधारण २० तास लागतात, ऐंशीच्या घरातल्या माणसाला मात्र ९० तासांच्या आसपास. म्हणजे रोज रात्री अशी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात कालची, परवाची आणि तेरवाचीही गोळी थोडीथोडी काम करत असते. बाबांची क्लोनाझेपाम याच कुळातली आहे. रात्री लघवीला उठताना ते भिंतीला हात लावून क्षणभर थांबतात, मग पाऊल टाकतात. त्या थांबण्यात वयाचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे बाहेरून पाहून कुणालाच सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची बिअर्स निकष नावाची एक यादी आहे. मेंदूवर काम करणारी तीन किंवा अधिक औषधे वृद्धांना एकाच वेळी देणे टाळावे, असे ती सांगते, आणि कारण देते ते पडण्याचे व हाड मोडण्याचे.

आता बाबांच्या गोळ्या वाढल्या कशा ते ऐक, कारण खरी गोष्ट तिथे आहे. मागच्या वेळी नैराश्याने उचल खाल्ली तेव्हा त्यांना संशय येऊ लागला होता, जेवणात कुणीतरी काही मिसळते असे ते म्हणत. तेव्हा नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रामच्या जोडीला संशयावरची रिस्पेरिडोन आली, आणि ती यायलाच हवी होती. संशय गेला, पण हात थरथरू लागला, पावले आखूड पडू लागली, चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे झाले. हा रिस्पेरिडोनचाच परिणाम होता. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू झाली. थरथर कमी झाली. तोंड मात्र इतके कोरडे पडू लागले की बोलताना जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज येई, शौचाला कुंथावे लागे, लघवी अडखळे, आणि ठेवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवेना. मग एका दुसऱ्या डॉक्टरांनी, हातात जुनी चिठ्ठी नसताना, स्मृतिभ्रंशाची शंका घेऊन डोनेपेझिल सुचवली. गंमत बघ, ट्रायहेक्सिफेनिडिल मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे काम अडवते आणि डोनेपेझिल तेच रसायन वाढवते! दोन्ही गोळ्या एकाच पोटात जाऊन एकमेकींशी भांडत बसल्या असत्या. ती चिठ्ठी घेऊन मी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, म्हणून ते टळले. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देणे, हेच वृद्धांच्या गोळ्या वाढण्याचे एक मोठे कारण आहे, आणि त्यात कुणाही एका डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो.

रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, हा तू वाचलेला २००५ सालचा अमेरिकी औषध प्रशासनाचा इशारा खराच आहे. त्या चाचण्या स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवरच्या होत्या. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत रिस्पेरिडोनच्या वर्गातली औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. बाबांना स्मृतिभ्रंश नाही, त्यामुळे हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही गरज सरल्यावर ती गोळी चालू ठेवायला माझ्या मते काहीच आधार उरत नाही, आणि संशय जाऊन आता बराच काळ लोटला आहे.

म्हणून डॉक्टरांशी बोलून ठरले आहे ते असे. आधी रिस्पेरिडोन हळूहळू उतरवायची आणि ट्रायहेक्सिफेनिडिल त्यानंतर, कारण उलट केले तर थरथर आणि ताठरपणा पुन्हा डोके वर काढतील. ते पार पडून काही काळ स्थिर गेला की मग क्लोनाझेपाम. ती अनेक वर्षे घेतलेल्या माणसाची एकदम तोडली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, आणि कधी कधी फिटही येते; म्हणून दर दोन आठवड्यांनी साधारण चतुर्थांश मात्रा कमी करायची, त्रास झाला तर तिथेच थांबायचे, आणि शेवटचा टप्पा तर आणखी सावकाश. एका वेळी एकाच औषधाला हात लावायचा. दोन बदल एकत्र केले आणि काही बिघडले, तर दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

एस्सिटॅलोप्राम राहणार आहे. नैराश्य त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा परतले आहे, आणि या वयात ते परतले तर खाणेपिणे सुटून माणूस झपाट्याने खालावतो, ते तू पाहिले आहेस. ‘गोळ्यांवर जगणे’ हा तुझा शब्द मला टोचला तो यासाठी. मात्र तिच्यावरही लक्ष हवे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर ती असली की रक्तातले सोडियम उतरू शकते, आणि म्हातारा माणूस अचानक गोंधळून बोलू लागतो. लोकांना वाटते डोके बिघडले. म्हणून डॉक्टरांनी सोडियमची तपासणी लिहून दिली आहे. गुडघेदुखीची गोळी मनाने घेऊ नका असे बाबांना बजावले आहे, कारण ती आणि एस्सिटॅलोप्राम मिळून पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. सर्दीची किंवा झोपेची म्हणून बिनचिठ्ठीची कोणतीही गोळी त्यांच्यासाठी आणू नकोस; त्यातल्या पुष्कळशांत ट्रायहेक्सिफेनिडिलसारखेच तोंड कोरडे करणारे, डोके गोंधळवणारे औषध असते. आणि पुढच्या भेटीला रजा काढून माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, डोळ्यांच्या सगळ्या औषधांची वेष्टने मी एका पिशवीत भरून नेणार आहे. प्रत्येक औषध कशासाठी आहे, कोणी आणि कधी सुरू केले, आणि ते कधी थांबवायचे, एवढे तू त्यांना विचारून लिहून घे. माझ्या विचारण्यापेक्षा तू विचारलेले बाबा जास्त लक्ष देऊन ऐकतात, हेही त्यामागे आहे.

तुझी,
आई