रात्री तीनचा झोपाळा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत बडोद्याला घरी होते तेव्हा रोज रात्री तीनला झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या. बाबा, तुम्ही अंधारात एकटे बसलेले असायचात आणि आत आई डोळे मिटून जागी. तेव्हा काही बोलता आलं नाही. फोनवर तुम्ही ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय मिटवता, म्हणून लिहिते आहे.

वयाबरोबर गाढ झोप कमी होते, हे खरं. पण बाबा, तुमची झोप गेली ती गुडघ्यापायी कमाटीबागेतलं चालणं सुटलं तेव्हापासून. आठवून बघा. आता सकाळभर पेपर, दुपारी दोन तास झोप, पाचला चहा, सातला पुन्हा चहा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याच्या भारानेच रात्री डोळे मिटतात. दुपारच्या लांब झोपेत तो साठा उतरतो आणि चहातलं कॅफिन उरल्याचाही परिणाम होऊ देत नाही. ते निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात.

१९९७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी झोपेची साधारण तक्रार असलेल्या, ५० ते ७६ वयाच्या माणसांना आठवड्यातून चारदा ३०-४० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करायला लावला. १६ आठवड्यांनी त्यांना झोप लवकर लागू लागली आणि जास्त वेळ टिकू लागली. सोळा आठवडे, बाबा! तुम्ही दसऱ्याला सुरू केलंत आणि आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडलंत. जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेल्या माणसाला मी काय सांगणार, आठ दिवसांत अंग वळत नाही ते!

कमाटीबागेचा फेरा एकदम नको. दांडिया बाजारातून निघून सुरसागर तलावाच्या काठाने दहा मिनिटं, एवढंच. गुडघा कुरकुरला तर थांबा, पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं वाढवा. सकाळीच जा. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. अगदी झोपायच्या तोंडावर दमछाक होईल असं काही नको. जेवणानंतर गल्लीत सावकाश शतपावली मात्र खुशाल करा.

आणि आईच्या डब्यातली झोपेची गोळी अर्धी करून घेता, ते मला कळलंय. कृपा करून बंद करा. या वयात त्या गोळ्यांनी रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. आई, तू तुझी गोळी मात्र मनाने एकदम सोडू नकोस, डॉक्टरांना विचारूनच काय ते कर. त्यांना आणखी एक सांग. तू घोरताना मधेच श्वास अडकल्यासारखा होतो. मी दोन रात्री शेजारी झोपून ऐकलंय. ते नुसत्या चालण्याने जायचं नाही, तपासूनच घ्यायला हवं. ‘घरकामात होतं की चालणं’ असंही म्हणू नकोस. स्वयंपाकघरात ऊन येत नाही. तूही बाबांबरोबर जा.

सोमवारपासून साडेसहाला मीही इथे चालायला निघणार आहे. सुरसागरपाशी पोचलात की मिस्ड कॉल द्या.

तुमची,
मनू