अभियंत्यांचे नियोजन पहिल्या नोकरीपाशी थांबू नये

महोदय,

बारावीचा निकाल आणि एमएचटी-सीईटीचे गुण हाती आले की अभियांत्रिकी प्रवेशाविषयी भरपूर मार्गदर्शन मिळते. कॅप फेऱ्या, शाखांचा पसंतिक्रम, महाविद्यालयांचे कटऑफ यांची सविस्तर माहिती वृत्तपत्रांतूनही येते. चार वर्षांनी कॅम्पस मुलाखती होतात, नियुक्तिपत्र येते आणि घरातली काळजी मिटते. त्यापुढची तीस-पस्तीस वर्षे कशी योजावीत, याबद्दल मात्र त्या मुलाशी किंवा मुलीशी सहसा कोणी बोलत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत देखभाल विभागात काम करून निवृत्त झालेला अभियंता म्हणून माझे असे मत बनले आहे की, करिअरला खरे वळण नोकरीच्या पाचव्या ते दहाव्या वर्षांत लागते आणि तो निर्णय बहुतेकांच्या बाबतीत त्यांच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो.

पंप, कॉम्प्रेसर, बॉयलर यांवर ज्याचा हात चांगला बसला आहे, यंत्राच्या आवाजावरून ज्याला बेअरिंग कुरकुरते आहे हे कळते, अशा अभियंत्याला सहाव्या-सातव्या वर्षी असिस्टंट मॅनेजर केले जाते. पगार वाढतो, घराचा हप्ता चालू असतो, तेव्हा नकार देण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हापासून त्याचा दिवस रजा मंजूर करण्यात, कंत्राटदारांची बिले तपासण्यात आणि बैठकांत जातो. दहा वर्षांनी कंपनी विकली गेली किंवा विभाग हलवला गेला की नव्या मुलाखतीत त्याला यंत्राबद्दल विचारतात आणि उत्तर जुने झालेले असते. व्यवस्थापक म्हणून अर्ज करावा, तर तिथे व्यवस्थापनाची रीतसर पदवी घेतलेले उमेदवार पुढे असतात. व्यवस्थापनाकडे वळणे कमीपणाचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्याला माणसे, खर्च आणि वेळापत्रक सांभाळण्यात मनापासून रस आहे, त्याने ते अवश्य करावे, पण त्यासाठी अंदाजपत्रक, कामगार कायदे आणि करारनामे यांचा अभ्यास बढतीच्या आधी सुरू करावा.

यात कंपन्यांचाही वाटा आहे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रिन्सिपल इंजिनिअर, आर्किटेक्ट अशी तांत्रिक पदे असतात आणि हाताखाली पन्नास माणसे नसतानाही तिथल्या तज्ज्ञाचा पगार व मान वाढत राहतो. रबाळे, पावणे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधील लहान-मध्यम कारखान्यांत अशी शिडी सहसा दिसत नाही. माझ्या पाहण्यातील एका कारखान्यात यंत्रांचे व्हायब्रेशन (कंपन) उत्तम तपासणारा अभियंता केवळ ‘ग्रेड’ वाढवण्यासाठी खरेदी विभागात हलवला गेला, आणि पुढे त्याच तपासणीसाठी बाहेरच्या सल्लागाराला पैसे मोजावे लागले. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाण्यातील लघुउद्योजकांची संघटना टिसा यांनी आपल्या सदस्यांपुढे हा विषय मांडावा, अशी माझी विनंती आहे. दोन-तीन तांत्रिक पदे निर्माण करायला लहान कारखान्यालाही फारसा खर्च येत नाही.

आपल्या परिसराचा इतिहासच नियोजनाची गरज दाखवतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेला रासायनिक व अभियांत्रिकी कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. एकाच एका कारखान्यात निवृत्त होण्याचा तो काळ होता. पुढे त्यातले काही मोठे कारखाने बंद पडले आणि ऐरोली, महापे, घणसोली या भागांत आयटी पार्क व डेटा सेंटर आली. डेटा सेंटर म्हटले की संगणकाची माणसे आठवतात. प्रत्यक्षात तिथे चिलर (थंडावा देणारी यंत्रे), डिझेल जनरेटर, यूपीएस, पंप आणि स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणे) चोवीस तास न थांबता चालवावे लागतात. रासायनिक कारखान्याच्या युटिलिटी विभागात (वीज, वाफ, पाणी पुरवणाऱ्या) दहा वर्षे काढलेल्या अभियंत्याला यातले पुष्कळसे येते. पण तो आपली ओळख ‘अमुक केमिकल कंपनीतला’ अशी करून देतो आणि म्हणून त्या दारापर्यंत जातच नाही. आपली ओळख कंपनीच्या नावाने न सांगता आपण कोणती यंत्रणा सांभाळू शकतो यावरून सांगावी, हे मी प्रत्येक तरुण सहकाऱ्याला सांगत आलो आहे.

याची दुसरी बाजूही आहे. नवी मुंबईत तेल व वायू प्रकल्पांसाठी पाइपिंगचे डिझाइन करणारे अनेक अभियंते राहतात. २०१४ च्या मध्याला खनिज तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता, तो जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली आला. जगभर प्रकल्प थांबले आणि माझ्या ओळखीच्या काही डिझायनरांचे कामही थांबले. ज्यांना एकच सॉफ्टवेअर येत होते त्यांचे हाल झाले. ज्यांना स्ट्रेस ॲनालिसिस (पाइपवर येणाऱ्या ताणाचा हिशेब) किंवा साइटवरील उभारणी ठाऊक होती, ते औषधनिर्मिती आणि जलशुद्धीकरणाच्या प्रकल्पांत सामावले गेले.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक अभियंत्याने आपल्या कामाची नोंदवही ठेवावी. कोणते यंत्र, काय बिघाड, कारण कसे शोधले, काय बदलले, किती तास उत्पादन वाचले, एवढे त्याच दिवशी लिहावे. कंपनीची गोपनीय माहिती किंवा ड्रॉइंग त्यात नसावीत. आठ वर्षांनी मुलाखतीच्या आदल्या रात्री हे तपशील आठवत नाहीत, आणि ‘देखभालीची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. त्रयस्थ कंत्राटदाराच्या पेरोलवर असलेल्यांनी नियुक्तिपत्र, अनुभवाचा दाखला, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद यांकडे विशेष लक्ष द्यावे. कंत्राटदार बदलला किंवा त्याने गाशा गुंडाळला की नंतर दाखला मिळणे कठीण होते.

परीक्षांचेही वेळापत्रक हवे. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये मोठ्या ऊर्जावापराच्या ठरावीक उद्योगांना प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो. त्यासाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा असते आणि पदवीधर अभियंत्याला ती संबंधित कामाच्या तीन वर्षांच्या अनुभवानंतर देता येते. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेलाही प्रत्यक्ष बॉयलरवरील कामाचा दाखला लागतो. औद्योगिक सुरक्षिततेकडे जायचे असेल तर शीवची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आणि बेलापूरची नॅशनल सेफ्टी कौन्सिल आपल्या दारातच आहेत. अनुभवाची अट पूर्ण होताच, संसाराची जबाबदारी वाढण्याआधी या परीक्षा द्याव्यात. चाळिशीत शिफ्ट सांभाळून अभ्यास करणाऱ्यांची ओढाताण मी पाहिली आहे. विशेषतः मुलींच्या बाबतीत, लग्न आणि बाळंतपणाच्या काळात नोकरीत खंड पडला तरी असे प्रमाणपत्र हाती असले की परतीची वाट सोपी होते, असा माझा अनुभव आहे.

शेवटी महाविद्यालयांविषयी. ऐरोली, वाशी, नेरुळ आणि ठाण्यातील महाविद्यालयांच्या जाहिरातींत सर्वांत मोठे पॅकेज ठळक अक्षरांत असते. अभ्यासक्रमांचा दर्जा तपासून मानांकन देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनच्या निकषांत मात्र पदवीनंतर काही वर्षांत विद्यार्थ्याने काय साध्य करावे, याची उद्दिष्टे प्रत्येक अभ्यासक्रमाला लिहून द्यावी लागतात. तेव्हा पाच आणि दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणत्या क्षेत्रात, कोणत्या प्रकारचे काम करत आहेत, याची नावांविना माहिती दरवर्षी प्रवेशापूर्वी संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, आणि त्याच माजी विद्यार्थ्यांसाठी दर तिमाहीत एका शनिवारी अनुभवी अभियंत्यांशी बोलण्याची सोय महाविद्यालयाच्या आवारात करावी, अशी माझी या संस्थांना आग्रहाची विनंती आहे. निवृत्त अभियंते या परिसरात शेकड्यांनी राहतात आणि बोलावले तर ते आनंदाने येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, ऐरोली, नवी मुंबई