विहिरीच्या पाळीसाठी मध्यस्थ निवडताना

चि. सुहास यास,
अनेक आशीर्वाद.

सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाद असूनही तू आणि संतोष कोर्टाआधी मध्यस्थाकडे बसायला तयार झालात, हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता नाव मात्र घाईने ठरवू नकोस.

सरपंच नकोत. त्यांना दोन्ही घरांची मतं हवीत, मग ते गोड बोलून वेळ मारून नेतील. मामाही नकोत, ते तुझेच मामा आहेत, संतोषचे नव्हेत. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन-तीन नावं लिहा. एक जरी नाव जुळलं तरी त्यालाच विचारा. नाहीच जुळलं तर तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचा, अर्ज द्या. तडजोड झाली तर ती लोकअदालतीत मांडता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही.

ओळखीतला माणूस निवडलात तर आधी विचारा: आमच्यापैकी कुणाशी उसनवारी, सोयरीक, जमिनीचा व्यवहार आहे का? आम्हाला वेगवेगळं भेटाल का? एकाचं बोलणं त्याला न विचारता दुसऱ्याच्या कानावर घालणार नाही ना? फोनवरच तो "चूक संतोषचीच" म्हणाला, तर ते तुला कितीही गोड वाटलं तरी नाव खोड. मध्यस्थ निकाल देत नाही, तुमच्याकडून तोडगा काढून घेतो.

आणि माझं ऐकशील तर रात्री शेतात पाणी देताना स्वतः दारं धरलेला माणूस घे. नवखा माणूस "पाणी आळीपाळीने घ्यावे" एवढं लिहून मोकळा होतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा तंटा उभा राहतो. जाणकार विचारेल: पाळी दिवसावर की तासांवर? वीज या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री असेल तर रात्रपाळी दरवेळी एकाच्याच वाट्याला येते का? मधेच लाईट गेली तर राहिलेले तास कधी भरून द्यायचे? मोटर जळली तर रिवाइंडिंगचा खर्च कोणाचा? गाळ कोण काढणार? पाणी आटलं तर आधी कोणतं पीक वाचवायचं? ही उत्तरं आकड्यांनिशी कागदावर यायला हवीत.

विहीर नेमकी कोणाच्या जमिनीच्या गटात, हाच वाद असेल तर आधी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. ते मध्यस्थाचं काम नव्हे. पहिल्या बैठकीला सातबारा आणि जुनं वाटणीपत्र ने. सातबाऱ्यावर विहिरीचा हिस्सा इतर हक्कांच्या रकान्यात लागलाय का, तेही बघून ठेव.

तुझी तीन नावं रविवारपर्यंत लिही. संतोषला दाखवायच्या आधी मला वाचून दाखव.

तुझी आई