राजाराम तलावावरच्या नानांना

ती. नाना यांना शि. सा. न.

गोव्याहून येऊन आठवडा होत आला, पण कुणी "झालं का गं तुझं ते?" असं विचारलं की अजून घसा दाटतो. तलावावर तुम्ही समोर आलात की मला बोलता यायचं नाही, आणि बोललेच तर तुम्ही "बरं बरं, टॉवेल कुठाय माझा" म्हणत चालायला लागाल. म्हणून लिहूनच टाकते, आणि चारचौघांत लिहिते. सूनबाई वाचून दाखवतीलच.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, हे ट्रायथलॉन म्हणजे नेमकं करायचं काय. मी केली ती गोव्याची 'आयर्नमॅन 70.3' शर्यत, मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 साली पहिल्यांदा झाली. आधी समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, लगेच 90 किलोमीटर सायकल आणि त्यावर 21.1 किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं होतं, हा आमच्या सासूबाईंचा प्रश्न रास्तच आहे. सायकल जमली. पेडलला अडकवायचे क्लीटचे बूट वेळेवर निघेनात म्हणून सायबर चौकात सिग्नलला उभ्याउभ्या आडवी झाले, रिक्षावाल्यांनी उचललं, पण जमली. सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलं की पाय भिजलेल्या गोणपाटासारखे जड होतात, त्याचीही सवय झाली. अडलं ते पाण्याशी. ज्या कोल्हापूरनं ऑलिंपिकला पोहायला वीरधवल खाडे धाडला, त्या गावात जन्म काढून मला पोहता येत नव्हतं.

टँकवर शिकले म्हणा. तिथल्या कोचनी फी घेतली, एक्सेलमध्ये तक्ता दिला आणि काठावर मोबाइल घेऊन उभे राहिले. टँकमध्ये तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून ये-जा करता येते. तलावात रेघ नाही. पाणी हिरवट, स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नाही. तोंड पाण्यात गेलं की माझ्याकडून श्वास सोडलाच जायचा नाही. छातीत जुनी हवा कोंडलेली, वर आलं की नवी घ्यायला जागा नाही, मग नुसतं हातपाय झाडणं. कोच म्हणायचे, "भीती डोक्यात असते मॅडम, काढून टाका." एके दिवशी सगळ्या ग्रुपसमोर म्हणाले, "तुम्ही डुआथलॉन करा, त्यात पोहायचं नसतं. बॅच अडकते तुमच्यामुळं." पुढच्या तिमाहीची फी आधीच भरली होती. ती परत मागितली तर मेसेजला दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आजतागायत नाही. ग्रुपवर मात्र रोज सकाळी जिद्दीचे सुविचार येत होते.

आणि तुम्ही. पट्ट्यापट्ट्याची चड्डी, गॉगल नाही, टोपी नाही, मान पाण्याबाहेर ठेवून निवांत फिरणार. मी काठाशीच घुटमळतेय हे बघून म्हणालात, "चल, त्या झाडापतूर जाऊन येऊ. हळू ये की, तळं कुठं पळून चाललंय व्हय?" निघालो तेव्हा तुम्ही माझ्या डावीकडे होता. दहा-बारा हात मारले नसतील, तुम्ही मागून वळसा घालून उजवीकडे आलात. का आलात ते मला घरी गेल्यावर कळलं. मी श्वास फक्त उजवीकडे घेते. तुम्ही ते दहा हातांत पाहिलंत. काठावरच्या माणसाला वर्षभरात दिसलं नव्हतं.

मग दर श्वासाला तुमचं तोंड. ओल्या मिशा, कपाळाला चिकटलेले चार पांढरे केस आणि अखंड बडबड. कान बाहेर असेल तेवढाच तुकडा मला ऐकू यायचा. "म्हैस अडली..." पाणी. "...डॉक्टरला फोन, तर तो हातकणंगल्याला..." पाणी. "...मग आमचा थोरला म्हणतो..." पुढं काय झालं ते ऐकायचं तर पुढचा श्वास घेणं भाग होतं, आणि घ्यायचा तर आधीचा सोडणं. झाड आलं. धापा टाकत मी पहिलं विचारलं ते हेच, "मग वाचली का म्हैस?"

त्यानंतर जितके रविवार आले तितके तुम्ही उजवीकडेच होता. एकदाही "मी तुझ्यासाठी या बाजूनं येतो" म्हणाला नाहीत. चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत.

वडील सांगायचे, त्यांच्या तालमीत गरिबाघरच्या पोराला वस्ताद स्वतःच्या खिशातून दूध पाजायचे आणि त्याची वाच्यता करायचे नाहीत. मला वाटायचं, जुन्या लोकांना जुनं सगळं चांगलंच आठवतं. आता तसं वाटत नाही. ज्याला येतं त्यानं ज्याला येत नाही त्याच्या शेजारी राहावं, ही रीत अजून आहे. फक्त तिचं पॅकेज नसतं, म्हणून ती जाहिरातीत दिसत नाही.

मिरामारला पोहण्याची मुदत सत्तर मिनिटं. उजवीकडे मान वळली की कुणाचं तरी कोपर आणि तोंडात खारं पाणी. म्हशीची गोष्ट मनातल्या मनात पहिल्यापासून सांगत गेले, रेडकासकट. मुदतीच्या आत वाळूवर आले, मागं अजून माणसं होती. पुढची सायकल आणि पळणं यात सांगण्यासारखं काही नाही. ऊन होतं, मी हळू होते, पदक मिळालं.

आता कामाचं. बऱ्याच शर्यतींत रिले असते, तिघांत एकेक भाग वाटून घेता येतो. गुडघ्यामुळं तुम्हाला पळायला मनाई आहे, पोहायला नाही. पोहणं तुमचं, सायकल माझी, पळायला भाचा तयार आहे. फॉर्म मी भरते, फी मी भरते, यावर वाद घालायचा नाही. सूनबाईंना सांगून आधार कार्डाचा फोटो तेवढा पाठवा. आणि हो, गॉगल मी आणलाय, घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

तुमची,
उजवीकडे श्वास घेणारी